इकडं माणसाला दगडात तोलतात

लंडन,
वेळ अमावस्येनंतरचा रविवार

ती. आबा व आईस साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल. पत्रास कारण, माझं वजन. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मध्यंतरी काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "चौदा स्टोन." स्टोन म्हणजे दगड. आबा, इकडं अजून माणसाला दगडात तोलतात. एक दगड 6 किलो 350 ग्रॅमचा, म्हणजे मी 89 किलो. तुमच्या आडतीच्या भाषेत, क्विंटलला अकरा किलो कमी.

घरी येऊन लातूरहून आणलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर चढलो, तर त्यानं पाव किलो जास्तच दाखवलं. "येताना रस्त्यात काय खाल्लं?" तुमच्या सूनबाईचा पहिला प्रश्न. मी विज्ञान काढलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे. पोट तिलाही सुटलंय. त्यामुळं विषुववृत्तापाशी तिची ओढ कमी, ध्रुवापाशी अर्ध्या टक्क्यानं जास्त. आपलं चाकूर साडेअठरा अंशावर, लंडन साडेएक्कावन्नवर. हिशेब केला, 89 किलोमागं पाव किलोच निघतो. म्हणजे मी जाड झालो नाही, नुसता उत्तरेला सरकलो!

पण तुम्ही फोनवर म्हणालात, "आपल्या तराजूत बस की. एका पारड्यातला माणूस जड झाला तर दुसऱ्यातलं मापबी जड होतंय." माझं विज्ञान तिथंच आडवं झालं.

मग सूनबाईनं लातूरचंच औषध काढलं. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात पूर्वी शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. मूळ विचार श्रीकांत जिचकारांचा: खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, शिवाय रोज पाऊण तास चालायचं. मी तंतोतंत पाळलं. दोन जेवणं इथल्या घड्याळानं, दोन चाकूरच्या. साडेपाच तासांचा फरक पहिल्यांदाच सत्कारणी लागला. चालणं मात्र अजून कोणत्याच घड्याळात बसलेलं नाही.

आणखी एक शोध. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशेब छापून आला: 10 किलो चरबी घटली की त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, बाकीची पाणी होऊन. मी म्हटलं, बघ, रात्रभर घोरतो ते उगाच नाही! सूनबाई म्हणाली, "चूल पेटवल्याबिगर धूर निघत नसतो."

परवा वेळ अमावस्या केली. सण शेतातला, पण शेत नाही म्हणून मागच्या अंगणातच. कडबा कुठला मिळायला! कुंपणाला चादर बांधून खोपी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. पोरीच्या मैत्रिणीसुद्धा आंबिलीचे दोन-दोन पेले पिऊन गेल्या. मी किती खाल्लं ते लिहीत नाही, हे पत्र आई मोठ्यानं वाचून घेते.

आवरताना पोरीनं दगड मोजले. म्हणाली, "बाबा, नर्सबाई तर चौदा म्हणाल्या होत्या. इथं पाचच आहेत. बाकीचे नऊ कुठं?"

मी खिरीचं पातेलं हळूच खाली ठेवलं.

तुमचा,
बाळू

ता. क. शेंगाची चटणी दोन किलो पाठवा. आमच्या काट्यावर ती सहा ग्रॅम जास्त भरेल. तेवढी आडत तुमची.