उताणा हात, पालथा हात

कोपराला गूळ लावायची कला आपल्या पुढाऱ्यांना उपजतच येते. शरीरशास्त्र त्यांच्या बाजूचे आहे. कोपर हा बिजागरीचा सांधा: वाकतो, सरळ होतो, संपले. जीभ कितीही लांबवा, गूळ तिथेच राहतो.

खरी करामत कोपराच्या खाली आहे. हात टेबलावर उताणा ठेवा आणि पालथा करा. कोपर जागचे हलले नाही, पण तळवा उलटला. तिथे हाडे दोन असतात. करंगळीकडचे अल्ना घरातल्या थोरल्यासारखे ठाम बसून राहते आणि अंगठ्याकडचे रेडियस त्याच्यावरून आडवे होते. रेडियसचे वाटोळे डोके कोपराशी एका चिवट कड्यात अडकवलेले असते, आणि तिथेच ते फिरते. लहान मुलांचे हे कडे सैल. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सोडायला तयार नसलेल्या पोराला आईने एका हाताने खस्सकन ओढले, की ते डोके कड्यातून निसटते. पोरगे हात लोंबता ठेवून भोकाड पसरते. जाणता डॉक्टर हात वळवून ते क्षणात बसवतो. घरच्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्याचा मुलूख, आणि संत्र्याचे अर्धे काम या वळणावर चालते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ सरळ ओढले तर देठाशी साल फाटते आणि ते एक फळ पेटीतल्या शेजाऱ्यांनाही घेऊन सडते. म्हणून कात्री नसेल तर फळ मुठीत धरून हलकेच पिळायचे. पिळताना जोर कुठे लागतो ते बघायचे असेल तर उजवा हात कोपरात वाकवा, डाव्या हाताने त्याचा दंड धरा आणि उजवा तळवा उताणा करा. दंडातली बेटकुळी टणक होईल. पोरे आरशासमोर जी फुगवून दाखवतात, तीच ही. हात वाकवण्याइतकेच तो उताणा करणे हेही तिचे काम आहे, हे मात्र त्यांच्या गावी नसते.

बोटांची गंमत आणखी वेगळी. बोटांत स्नायू नाहीतच. त्यांना वाकवणारे, सरळ करणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधे बसून दोऱ्या ओढतात. त्यामुळे दिवसभर कापूस वेचतात बोटे आणि रात्री ठणकते कोपर, तेही बाहेरच्या अंगाने. 2004 साली सचिनचे कोपर दुखले तेव्हा साऱ्या देशाला टेनिस एल्बो पाठ झाला. वेचणाऱ्या बाईचे दुखते तेव्हा फक्त तेलाच्या वाटीला कळते.

आणि मग पोळ्याचा दुसरा दिवस उजाडतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे रोवलेले पळसाचे झाड आणि वर दोन्ही गावांनी एकमेकांवर पाडलेला दगडांचा पाऊस. गोटमार. पळून जाणाऱ्या एका जोडप्याची कथा त्यामागे सांगतात. कोपर झटक्यात सरळ होते, मनगट शेवटचा हिसका देते, दगड सुटतो. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले. मला विचाराल तर इतक्या नाजूक यंत्राचा इतका धसमुसळा वापर दुसरा नाही.

डोकी फुटतात ती सगळ्यांना दिसतात. मनगटाचे तसे नाही. ओल्या गोट्यांवर पाय घसरला की माणूस तळव्यावर पडतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांतले अंगठ्याकडचे स्कॅफॉइड नेमके तडकते आणि पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतही नाही. मग ‘मुरगळलं असंल’ म्हणून हळदीचा लेप लागतो. या हाडाला रक्त मोजकेच पोचते, त्यामुळे दुर्लक्ष केले तर ते जुळायचे राहून जाते.

तेव्हा पडल्यावर अंगठा ताठ करा. त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला जी खळगी पडते तिथे दाबून दुखले, तर लेपावर भागवू नका, डॉक्टर गाठा. पहिला एक्स-रे चांगला आला तरी दहा-पंधरा दिवसांनी दुसरा काढून घ्या. आणि शक्य असेल तर नदीत उतरूच नका. आंबिया बहाराची संत्री दोन महिन्यांवर आलेली असतात, आणि तोडणीला माणसे मिळत नाहीत.