वरवंडचा सर्व्हरवाला

वरवंडसारख्या गावात सर्व्हर सांभाळणारा माणूस पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेने आढळतो. चौफुला ते पाटस या पट्ट्यात पतसंस्था, दूध संकलन केंद्रे, पेट्रोल पंप आणि खते-बियाण्यांची दुकाने आहेत, आणि यांपैकी बऱ्याच ठिकाणी एक यंत्र सर्व्हर म्हणून ओळखले जाते. बहुतेक वेळा तो साधा डेस्कटॉपच असतो. त्याच्यावर लाल स्केचपेनने ‘सर्व्हर आहे, बंद करू नये’ असा कागद चिकटला की त्याला ते पद प्राप्त होते. हा कागद चिकटवणारा तो सर्व्हरवाला. प्रिंटर, वायफाय, सीसीटीव्ही आणि चेअरमनच्या भाचीचा अकरावीचा ऑनलाइन अर्ज ही खातीही त्याच्याकडेच असतात.

त्याची एमएस-सीआयटी झालेली असते. पुढे आयटीआयचा कोपा ट्रेड किंवा बीसीएची दोन वर्षे. सर्व्हरचा असा अभ्यासक्रम त्याने कुठे केलेला नसतो. नेमणूक एका प्रश्नात होते. ‘तुला त्यातलं कळतं ना रे?’ त्यावर ‘थोडंफार’ एवढे म्हटले की तो रुजू झाला. पुढचे शिक्षण रात्री हिंदी व्हिडिओ दीडपट वेगाने लावून होते आणि दिवसा लोकांच्या चालू यंत्रांवर.

पहिला धडा सहसा आयपी पत्त्याचा. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला आपला आकडा लागतो. राउटर तो येईल त्याला वाटत असतो, पण सर्व्हरचा आकडा कायमचा बांधून द्यावा लागतो. तो बदलला की काउंटरवरची यंत्रे त्याला शोधत बसतात. सर्व्हरवाला १९२.१६८.१.१०० हा आकडा सर्व्हरला देतो. दिवाळीच्या तोंडावर कॅमेरे बसवायला आलेला दुसरा तज्ज्ञही लक्षात राहायला सोपा म्हणून तोच आकडा डीव्हीआरला देतो. मग पासबुक छापणे बंद पडते, कॅमेऱ्याचे चित्र मध्येच गायब होते, आणि दोन्ही तज्ज्ञ एकमेकांच्या वायरीकडे संशयाने पाहतात. वायरी निर्दोष आहेत हे सिद्ध होईपर्यंत संध्याकाळ होते. त्या दिवसापासून सर्व्हरवाला दोनशेपानी वही ठेवतो. कोणत्या यंत्राला कोणता आकडा, कोणती वायर कोणत्या खोलीत जाते आणि कोणाचा पासवर्ड काय, हे सारे तीत असते. पासवर्ड वहीत लिहू नये हे त्याला माहीत असते, म्हणून ते पान तो दुमडून ठेवतो.

दुसरा धडा विजेचा, आणि तो व्हिडिओवाले नीट शिकवत नाहीत. सर्व्हरसाठी घेतलेल्या यूपीएसवर आधी सर्व्हर असतो. नंतर कॅशियर मॅडमचा मोबाइल येतो, मग टेबल फॅन, मग सप्टेंबरात गणपतीची माळ. इथवर यूपीएस निभावून नेतो. शेवटी कोणीतरी लेझर प्रिंटर जोडतो. कागदावरची पूड पक्की करणारा त्यातला रोलर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस शिट्टी मारून बसतो आणि सर्व्हर आडवा होतो. कारण विचारले तर ‘लाइट गेली होती’ असे एकमुखाने सांगितले जाते. ट्यूबलाइट चालू असते.

अर्थिंगचे तर विचारूच नये. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधले व्होल्टेज दोन-तीनच्या आत असावे असा संकेत आहे. मे महिन्यात जमीन वाळली की मीटरवरचा आकडा चढू लागतो. तेव्हा सर्व्हरवाला बादली घेऊन इमारतीमागे जातो आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचे पाणी ओततो. ठेवीदार हे खिडकीतून पाहतात. कॉम्प्युटरला पाणी घालणाऱ्या माणसाच्या हाती आपल्या ठेवी आहेत हे त्यांना तिथेच समजते, आणि काही जण मुदतीआधी मोडायचे काय लागेल याची चौकशी करतात. बादली रिकामी होताच आकडा खाली येतो. पण ते पाहायला तिथे कोणी थांबलेले नसते.

गुऱ्हाळांच्या दिवसांत धुराड्यांची काजळी येते. ती पंख्यात बसते, यंत्र तापते आणि मंद होते. उपाय म्हणजे ब्लोअर. यात विद्या फारशी नाही, पण बिल याचेच बिनतक्रार मिळते, कारण निघालेली काजळी सर्वांना दिसते.

न दिसणाऱ्या कामाची गोष्ट वेगळी. विंडोज सर्व्हर २००८ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी. आधार थांबला म्हणजे नव्या चोरवाटा बुजवणारी दुरुस्ती येणे बंद. हे पटवण्यासाठी सर्व्हरवाला संचालक मंडळापुढे कीर्तनकाराच्या थाटात आख्यान लावतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली; तिला रोखणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी बसवली नाही ते सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प केले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटींच्या वर रक्कम पळवली गेली, बरीचशी परदेशातल्या एटीएममधून. मंडळ शांतपणे ऐकून घेते. मग एक ज्येष्ठ संचालक म्हणतात, ‘एवढं पैसं आपल्याकडं हायेत कुठं?’ विषय पुढच्या सभेवर जातो.

अधिकारवाटपात त्याचा खरा कस लागतो. नियम असा की प्रत्येकाला कामापुरतेच उघडावे. कॅशियरला रोकड, वसुलीवाल्याला थकबाकी. गावात हा नियम अपमान ठरतो. ‘मी चेअरमन, आन् मलाच दिसत न्हाई?’ यावर त्याने शोधलेला तोडगा कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला शोभेल: चेअरमनना सर्व काही दिसते आणि त्यांना काहीही बदलता येत नाही. बदलण्याची वेळ त्यांच्यावर येत नसल्याने हे वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही.

बॅकअपचा नियम तीन-दोन-एक: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. सुरुवातीला सर्व्हरवाला मूळ माहिती सी ड्राइव्हवर ठेवतो, दुसरी प्रत त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर आणि तिसरी पेन ड्राइव्हवर, जो सर्व्हरलाच लावलेला असतो. पैसे मिळाले की तो दोन डिस्क आरशासारख्या जोडतो आणि निश्चिंत होतो. आरसा मात्र इमानी असतो. कोणी चुकून खतावणी पुसली तर दुसऱ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. हे बहुधा मार्चअखेरीस कळते. जुनी प्रत उघडावी तर रोज रात्री बनणाऱ्या फायलींचा आकार शून्य केबी निघतो, कारण डिस्क श्रावणातच भरलेली असते. पुढचे तीन दिवस पावत्यांच्या गठ्ठ्यांवरून खतावणी पुन्हा भरली जाते. तेव्हापासून तो महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतो. सर्व्हरवाला खऱ्या अर्थाने तयार झाला असे इथून धरावे.

अलीकडे सगळे क्लाऊडवर टाका असा सल्ला येतो. ‘म्हणजे अमेरिकेत?’ असे काळजीने विचारले जाते. मायक्रोसॉफ्टची भारतातली डेटा सेंटर २०१५ मध्ये सुरू झाली, त्यांतले एक पुण्यात आहे; तिकडे ठेवलेली खतावणी फार तर हडपसरच्या थोडी पुढे जाते. अडचण अंतराची नसून रस्त्याची आहे. कडेला जेसीबी लागला की केबल तुटते, आणि क्लाऊड शाबूत असून काउंटर बंद राहतो.

मोबदला वार्षिक करारावर ठरतो, हप्त्याने मिळतो आणि काही भाग गुळाच्या ढेपेच्या रूपाने येतो. पाच-सात वर्षांत हात बसला की सर्व्हरवाल्याला खराडी किंवा हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागते. वही इतके दिवस त्याची शिडी धरणाऱ्या पोराकडे जाते. नवा माणूस शिस्तीप्रमाणे पहिल्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलतो आणि लगेच फोन करून जुन्याला ते लिहून घ्यायला सांगतो, कारण सर्व्हर अडला की तोही त्यालाच विचारणार असतो.