साखर ठणकत नाही

सकाळचं फिरणं आटोपून बागेच्या कट्ट्यावर टेकलेल्या मंडळींत जरा वेळ बसलं की मधुमेहाविषयी काही कळायचं बाकी राहत नाही. कारल्याचा रस किती वाजता, जांभळाच्या बियांची पूड कोमट पाण्यातून की ताकातून, भिजवलेल्या मेथ्या चावायच्या की गिळायच्या, सगळ्याची उत्तरं तयार. ज्ञानदान झालं की मंडळी टपरीवर जातात आणि बिनसाखरेचा चहा मागवतात. सोबत क्रीमरोल. चहात साखर नाही, म्हणजे पथ्य झालं!

गोळीचा विषय निघाला की मात्र ही विद्वत्ता आटते. ‘एक पांढरी सकाळची आणि एक लांबट रात्रीची’ एवढीच तिची ओळख. त्यातली एखादी ग्लिमेपिराइड असते. ती घेऊन जेवण टाळलं तर साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. दुसरी मेटफॉर्मिन असेल तर ती जेवणासोबत किंवा जेवणानंतर घेतलेली बरी, नाहीतर पोट कुरकुरतं. पण चतुर्थी आली की सगळा हिशेब उलटा होतो. उपास म्हणून गोळी वगळायची आणि उपास म्हणूनच साबुदाण्याची खिचडी दोनदा घ्यायची.

मग एक दिवस रिपोर्ट चांगला येतो आणि गोळी घरच्या घरीच बंद होते. ताडपत्रीमुळे घर गळायचं थांबलं, म्हणून भर आषाढात ताडपत्री काढावी, तशातला हा प्रकार. शिवाय ‘गोळ्यांनी किडनी जाते’ असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. वर्षानुवर्षं वाढलेली साखरच किडनी पोखरते, हे सांगणारा मात्र दवाखान्यात बसलेला असतो आणि तिथे आपण वर्षातून एकदा जातो.

तपासणीच्या आधीचे दोन दिवस कडक पथ्य पाळणारेही पुष्कळ. उपाशीपोटीची साखर त्यांना थोडीफार दाद देते; एचबीए१सी ही रक्ततपासणी देत नाही. रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळातल्या साखरेची खूण अंगावर बाळगतात. गणपतीतले मोदक दिवाळीच्या रिपोर्टात हजर!

गोळ्यांबाबतचा हा आळस फक्त आपलाच, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांचे निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. दाढ ठणकली की रात्री दोन वाजताही गोळी बरोबर सापडते. साखर ठणकत नाही. डोळे, पाय, किडनी यांचं काम ती आवाज न करता उरकत असते, म्हणून तिची गोळी उद्यावर जाते. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने दाखवलं. एवढ्या लोकांचं ‘उद्या’ एकत्र केलं तर केवढं होईल!

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा: ही गोळी कशासाठी, जेवणाआधी की नंतर, आणि चुकली तर काय करायचं? उपासाचा बेत असेल तर तोही सांगून टाका. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा आपण तिथेच तर जातो.