अचलेचे स्थलांतर

पृथ्वीची बहुतेक संस्कृत नावे म्हणजे तिला दिलेले चांगल्या वर्तणुकीचे दाखले आहेत. पृथ्वी म्हणजे विस्तीर्ण, धरा म्हणजे धारण करणारी, वसुंधरा म्हणजे धन पोटात ठेवणारी, क्षमा म्हणजे सगळे सोसणारी. मेदिनी हे नाव मधु-कैटभ दैत्यांच्या मेदावरून पडले; वजनवाढीची तक्रार इतकी जुनी आहे. अमरकोशाच्या भूमिवर्गात आणखी एक नाव येते : अचला, म्हणजे जागची न हलणारी. कोशकाराने नवी मुंबईतले उलवे पाहिले नव्हते.

उलव्यात अचला डंपरमधून हलते. गावाच्याच नावाची, सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी नवी मुंबई विमानतळाच्या वाटेत उभी होती. सुरुंग लावून ती उतरवली, तिचा दगड-मुरूम दलदलीच्या भरावात गेला आणि उलवे नदीलाही वळसा घालून जावे लागले. डोंगराला संस्कृतात भूधर म्हणतात, भूमीला धरून ठेवणारा. या भूधराने नाव राखले : तो जाऊन भुईखाली बसला.

'मातीमोल' म्हणजे कवडीच्या किमतीचे. हा अर्थ उलव्यात जपून वापरावा. भरावाची माती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. चौथ्या मजल्यावरच्या तुळशीसाठी मात्र ती पिशवीत भरून, किलोच्या भावाने येते. बिल पाहिले की 'माती खाणे' या वाक्प्रचाराचाही उलगडा होतो.

जमीन हा शब्द फारसीतून आला. खाडीकाठच्या खारेपाटात जमिनीचे नाव पाण्यावर ठरते : भरती शिरते ते खाजण, बांध घालून भाताला राखली ती खार, मीठ पिकते ते मिठागर. 2018 साली सुरू झालेल्या खारकोपर स्टेशनाच्या नावात ही खार अजून ऐकू येते. मालकी सांगतो तो गाव नमुना सात आणि पीक सांगतो तो नमुना बारा. दोन्ही मिळून सातबारा. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, भूसंपादन झाले आणि पुढे सातबाराच्या जागी साडेबारा आला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, असा त्याचा अर्थ. त्यामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचे, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे जासईचे आंदोलन आणि जानेवारी 1984 मधल्या गोळीबारात गेलेले पाच जीव आहेत.

भूगोलाच्या तासाला भूखंड म्हणजे आशिया, आफ्रिका. उलव्यात तो चौरस मीटरवर मोजतात आणि कोपऱ्याचा असला तर भाव चढतो. आशियाला दोन्ही बाजूंनी रस्ता आहे का, हे भूगोलात कोणी विचारत नाही.

पृथ्वीवरून पार्थिव, म्हणजे मातीचा. राजाला पार्थिव म्हणत, भाद्रपदातल्या गणपतीला अजून म्हणतात, आणि बातमीत हा शब्द आला की माणूस गेलेला असतो. तिघांत साम्य एकच : विसर्जन. भूमीचा मुलगा तो भौम, म्हणजे मंगळ. ज्योतिषी घर-जमिनीचे खाते त्याच्याकडे देतात. त्यामुळे उलव्यातला फ्लॅट आधी बँकेत आणि मग पत्रिकेत बसवावा लागतो.

राहता राहिला 'जमीन-अस्मानाचा फरक'. टेकडी गेली त्या परिसरातून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमाने उडू लागली. धावपट्टीची लांबी 3700 मीटर आहे. उलव्यात हा फरक तेवढाच.