तटस्थ देशाचा वाढपी

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ. गोवा पोर्तुगालचा, म्हणजे गोंयकारही तटस्थ. पण ब्रिटिश बोटींवर साहेबाला सूप वाढायला आणि त्याच्या केबिनमधली चादर बदलायला कोण? साष्टी-बार्देशचे गोंयकार! जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडण्याआधी पासपोर्ट तपासले असते तर बिचारे वाचले असते. पण पाणबुडीवाल्यांना तेवढी सवड कुठली?

डेकवर सारंगाच्या हाताखाली रत्नागिरीकडचे खलाशी, तळाला भट्टीत कोळसा लोटणारे पठाण-पंजाबी आगवाले. १९३८ साली ब्रिटिश व्यापारी बोटींवर दर चार माणसांत साधारण एक हिंदुस्थानातला होता. पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम चौथा हिस्सा. जागेचंही तेच. १९०६ साली कायद्याने गोऱ्याला राहायला १२० घनफूट दिले. आपल्याला ३६ पुरेसे ठरले. हिंदी माणूस आखडून झोपतो, असा सरकारी शोध असावा.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं, तेव्हा या मंडळींना साधं गणित सुचलं: मरायचंच असेल तर भाव वाढवून मिळावा. इंग्लंडच्या बंदरांत त्यांनी बोटीवर जायला नकार दिला. शेकडो जण तुरुंगात गेले. आता गंमत पाहा. हे सैनिक नव्हेत. गणवेश नाही. व्यापारी बोटीवरचे साधे नोकर. पण कामाला नाही म्हटलं की शिस्त पलटणीची! पगार मात्र वाढवावा लागला. तोफेपुढे नसलं तरी संपापुढे साम्राज्य वाकतं.

युद्धात आपले सहा हजारांवर खलाशी गेले. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी आरमाराच्या मृतांची नावं कांस्यपटांवर कोरली आहेत, येणारा-जाणारा वाचतो. आपल्यांची नावं एका जाडजूड वहीत लिहिली. एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी-गृहात. मुंबईकर त्या बाजूला जातो तो सुक्यामेव्याचा भाव विचारायला.

हे जुनं झालं म्हणता? ६ मार्च २०२४, एडनचं आखात. ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू बोटीवर येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. मालकी लायबेरियातल्या कंपनीची, कारभार ग्रीकांचा, झेंडा बार्बाडोसचा. बोटीवर फिलिपिनो, व्हिएतनामी, श्रीलंकन, नेपाळी, भारतीय. तीन खलाशी ठार. बार्बाडोसचं आरमार धावून येण्याची वाट कुणीच पाहिली नाही. आपल्या नौदलाची आयएनएस कोलकाता गेली आणि तिने २१ जणांना उचललं.

आता सुधारणा झाली आहे म्हणे. जिथे युनियनचा करार आहे तिथे खलाशी युद्धाच्या पट्ट्यात जायला नकार देऊ शकतो; गेलाच तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट. हक्क चांगलाच आहे. फक्त तो एकदा वापरून बघावा आणि मग बेलापूरच्या खलाशी-भरती एजंटकडे पुढच्या बोटीसाठी फोन लावावा. साहेब मीटिंगमध्ये असतात.