लष्कराच्या भाकऱ्या, घरचा कांदा

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असलेल्या नवशिक्यांसाठी ही कृती आहे. म्हण जुनी, पण इथे ती अक्षरशः खरी ठरते. टॉर नावाचं जे जाळं आपण घरच्या इंटरनेटवर शिजत ठेवणार आहोत, त्याचं मूळ वाण १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं. कोण कुणाशी बोलतंय हे बघणाऱ्याला कळू नये, म्हणून निरोपावर एकावर एक आवरणं चढवायची, कांद्यासारखी. मग लक्षात आलं, की ही सोय एकट्या नौदलाने वापरली तर आवरणाच्या आत कोण आहे हे ओळखायला हुशारी लागत नाही. गर्दीत लपायचं तर आधी गर्दी हवी. म्हणून २००२ च्या सुमारास ती सगळ्यांना खुली झाली, २००६ साली ती सांभाळायला एक ना-नफा संस्था निघाली, आणि भाकऱ्या भाजायचं काम जगभरच्या हौशी मंडळींच्या गळ्यात पडलं. आज अशा काही हजार चुली, म्हणजे रिले, पेटलेल्या आहेत. त्यांतली एक आमच्याकडे, जर्मनीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या कपाटावर.

साहित्य

• एक रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. जुना लॅपटॉपही चालतो, फक्त त्याचा पंखा रात्री ऐकू येतो.

• अखंड इंटरनेट. जाताना आणि येताना सेकंदाला किमान १० मेगाबिट, १६ असेल तर उत्तम. महिन्याकाठी निदान १०० गिगाबाइट दुसऱ्यांसाठी बाहेर धाडायची तयारी.

• स्वतःचा, बाहेरून दिसणारा आयपी पत्ता. भारतात बऱ्याच जोडण्यांवर कित्येक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, चाळीतल्या सामाईक नळासारखा. तिथे बाहेरच्याला नेमकं तुमचं दार सापडत नाही, त्यामुळे ही कृती माझ्या पुण्याच्या भावाकडे जमली नाही. जर्मनीत जमते. रिले चालवणाऱ्या देशांत जर्मनी पहिल्या रांगेत आहे.

• सोशीक जोडीदार. बाजारात मिळत नाही. घरात असल्यास जपून वापरावा.

कृती

१. कोणती भाकरी भाजायची ते ठरवा

टॉरमधला निरोप तीन घरं फिरून जातो. पहिल्या घराला पाठवणारा माहीत असतो, मुक्काम नाही. तिसऱ्याला मुक्काम माहीत असतो, पाठवणारा नाही. मधल्याला दोन्ही ठाऊक नसतं. मागच्याकडून घ्यायचं, एक पापुद्रा सोलायचा, पुढच्याकडे द्यायचं.

तिसऱ्या घराला एक्झिट म्हणतात. निरोप खुल्या इंटरनेटवर त्याच्याच दारातून उतरतो, त्यामुळे कुणी उपद्व्याप केला तर पोलिसांना पत्ता त्याचाच दिसतो. मॉस्कोत २०१७ साली एक्झिट चालवणाऱ्या एका गणिताच्या शिक्षकाला याच पायी अटक झाली होती. म्हणून टॉरवाले स्वतःच बजावतात, की एक्झिट घरी चालवू नका. आपण पहिलं किंवा मधलं घर व्हायचं. आपल्याकडे येणारं सगळं टॉरच्याच दुसऱ्या घराकडे जातं. दुसऱ्या कुणाचा निरोप आपल्या पत्त्यावरून कुठल्याही संकेतस्थळावर जाऊन पोचत नाही.

शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. पुढे ते तुम्ही पुष्कळांना ऐकवाल.

२. पीठ मळा

प्रणाली बसवल्यावर एका फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या. टोपणनाव १९ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. आम्ही 'कांदेपोहे' ठेवलं. संपर्कासाठी ईमेल द्यायचा. एक्झिटपुढे शून्य लिहायचं. राउटरमध्ये एक पोर्ट उघडायचा. थोड्या वेळाने नोंदींमध्ये एक ओळ उमटते, की तुमचा पोर्ट बाहेरून गाठता येतो आहे, आणि तिच्या पुढे एकच शब्द येतो: 'एक्सलंट'. या उद्योगात मिळणारी ही पहिली आणि शेवटची शाबासकी.

आता तुमचं टोपणनाव, आयपी पत्ता आणि पोर्ट एका यादीत चढतात. नेमून दिलेले नऊएक विश्वासू संगणक आपसांत मतदान करून ही यादी दर तासाला जाहीर करतात. ती कुणालाही वाचता येते आणि यावीच लागते, नाहीतर टॉर वापरणाऱ्याला वाटेतली घरं सापडणार कशी? लपण्यालपवण्याच्या या सगळ्या कारभारात अजिबात न लपलेला असा एकच माणूस असतो. तो म्हणजे तुम्ही.

३. मंद आचेवर ठेवा

पहिले तीनेक दिवस जवळजवळ काहीच येत नाही. तुमचा वेग मोजला जातो, तुम्ही टिकता का ते पाहिलं जातं. पूर्ण भर यायला साधारण दहा आठवडे लागतात. दरम्यान हिरव्या दिव्याची लुकलुक बघत बसावं. पाहुण्यांनी विचारलं तर राउटरचाच भाग आहे म्हणावं.

४. रविवारी सकाळी आठला करपल्याचा वास येईल

इथल्या मुलांना पोहता येऊ लागलं की पहिला बिल्ला मिळतो, समुद्रघोड्याचा. त्यासाठीच्या पोहण्याच्या वर्गाची नोंदणी रविवारी सकाळी आठला सुरू होते आणि आठ वाजून काही मिनिटांनी संपते. आमची बायको सात पन्नासपासून लॅपटॉप मांडीवर घेऊन, मुलाची जन्मतारीख टाइप करायच्या पवित्र्यात बसली होती. आठ वाजले. पान उघडलं. पांढरंशुभ्र पान, मध्यभागी ४०३, खाली प्रवेश नाकारल्याची एक ओळ. पुन्हा. तेच. तिसऱ्यांदा. तेच.

तिने मान वर केली नाही. चपलांच्या कपाटाच्या दिशेने बोट केलं आणि म्हणाली, "तुझा कांदा बंद कर आधी."

टीप: कांदा बंद करून उपयोग नसतो. संकेतस्थळाकडची यादी शिळी असते, तुमचं नाव तिच्यात पुढे कितीतरी दिवस मुरत राहतं. हे त्या क्षणी सांगायला जाऊ नये.

५. निदान करा

सोपी खूण आहे. तेच पान फोनच्या मोबाइल डेटावर उघडलं आणि घरच्या वायफायवर नाही उघडलं, तर दुखणं तुमच्या आयपी पत्त्याचं. यानंतर मदतकेंद्राला फोन करायचा. वीस मिनिटं सतारीऐवजी पियानो ऐकायचा. पलीकडचा मुलगा सज्जन असतो. कुकीज पुसा, दुसरा ब्राउझर वापरा, राउटर बंद करून चालू करा, असं तो क्रमाने सांगतो. आपणही क्रमाने केल्याचं सांगतो. मग आपण खुलासा करायला जातो.

माझी इथे एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी म्हणालो, आमच्या घरी टॉर आहे. जर्मनमध्ये या शब्दाचे अर्थ दार, फुटबॉलमधला गोल आणि जुन्या भाषेत मूर्ख. आमच्या संभाषणात तिन्ही येऊन गेले, याच क्रमाने. शेवटी तो म्हणाला, की पत्ता अडवायचा निर्णय त्यांचा नाहीच, सिस्टिमचा आहे. सिस्टिम दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली आहे. त्या कंपनीचा नंबर त्याच्याकडे नाही.

६. यादीची गोष्ट समजून घ्या

समोरच्यालाही न्याय द्यावा. छोटंसं दुकान चालवणारा असतो. पहाटे तीनला कुणीतरी एक्झिटच्या आडून त्याच्याकडे चोरलेली कार्डं चालतात का ते तपासत बसतो, सकाळी भुर्दंड दुकानदाराला. त्याचा राग खोटा नाही. क्लाउडफ्लेअर या बड्या कंपनीने २०१६ साली सांगितलं होतं, की टॉरमधून त्यांच्याकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी ९४ टक्के उपद्रवी असतात. टॉरवाल्यांनी लगेच त्या मोजणीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ, कारण ते सगळं एक्झिटबद्दल आहे.

गंमत अशी, की एक्झिटची वेगळी यादी टॉर प्रकल्प स्वतःच प्रसिद्ध करतो, फुकट. विकिपीडियाचं बघा. टॉरमधून तिथे वाचता येतं, संपादन अडवलं जातं. पण अडवताना त्यांची यंत्रणा आधी बघते, की या पत्त्यावरून आमच्यापर्यंत काही बाहेर पडू शकतं का. पडत नसेल तर त्या घराशी तिचं देणंघेणं नाही. एवढी निवडानिवड पुरते.

पण धोकादायक पत्त्यांच्या याद्या विकणाऱ्यांपैकी काहींना निवडायला सवड नसते. तांदळातले खडे काढायला बसलेल्याने सबंध सूपच उपडं करावं, तशी ते सगळ्या रिलेंची यादी उचलतात आणि 'टॉर' अशी चिठ्ठी लावून पुढे देतात. घेणारा ती न वाचता दाराला टांगतो. टॉरच्या आडून येणारा चोर दर काही मिनिटांनी नवी वाट पकडतो. खरा सराईत तर टॉरच्या वाटेलाही जात नाही, कुणाच्या तरी विषाणू लागलेल्या संगणकावरून येतो, आणि तो पत्ता टॉरच्या कुठल्याच यादीत नसतो. सापडतो तो, ज्याने आपलं नाव, पत्ता आणि ईमेल आपण होऊन लिहून दिलेला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. इथल्या संन्याशाचा पत्ता तर दर तासाला नव्याने जाहीर होतो.

७. उपाय, चवीनुसार

पत्र लिहा. संकेतस्थळाला सभ्य भाषेत कळवा, की मधल्या घरातून तुमच्याकडे काही येऊच शकत नाही, फक्त एक्झिटची यादी वापरा. मी अशी अकरा पत्रं लिहिली. एका ठिकाणी खरोखरच कुणीतरी वाचलं आणि आठवड्यात दार उघडलं. बाकीच्या दहांनी पोच दिली.

पत्ता बदला. बऱ्याच जोडण्यांवर राउटर बंद-चालू केला की नवा आयपी पत्ता मिळतो. तासाभरात तोही यादीत जातो. आणि जुना, डाग लागलेला पत्ता? तो कंपनीच्या दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. त्याच्या घरात कांदा नाही, त्याने टॉरचं नाव ऐकलेलं नाही, आणि त्याच्या मुलाच्या पोहण्याच्या वर्गाचं पान का उघडत नाही हे त्याला कधीच कळणार नाही.

चूल भाड्याच्या जागेत हलवा. सर्व्हर भाड्याने मिळतात, घरचं इंटरनेट निर्धोक राहतं. अडचण एवढीच, की सगळेच असं करतात. मग जगातल्या रिलेंचा मोठा हिस्सा मोजक्या कंपन्यांच्या इमारतींत गोळा होतो. हजार घरांत विखुरलेलं असावं म्हणून जे जाळं विणलं, ते चार छपरांखाली येतं. घरगुती रिले हवेत ते म्हणूनच, आणि अडवले जातात तेही नेमके तेच.

ब्रिज व्हा. ब्रिज म्हणजे यादीत न छापलेलं पहिलं घर. जिथे सरकारच टॉर अडवतं, तिथल्या लोकांना ते उपयोगी पडतं. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉरचं संकेतस्थळ अडवलं, तेव्हापासून तिथे अशा आडवाटांनाच महत्त्व आलं. त्याहून सोपं स्नोफ्लेक, ब्राउझरमध्ये एक बटण दाबलं की झालं. २०२२ साली इराणात निदर्शनं पेटली तेव्हा त्याचा वापर एकदम वाढला होता. दोन्हींत तुमचा पत्ता जाहीर होत नाही, त्यामुळे कुणी सहसा अडवत नाही. उघड राहून सेवा केली की तुम्ही संशयित, लपून केली की सभ्य गृहस्थ. हा धडा मुलांना शिकवायचा का, ते ज्याने त्याने ठरवावं.

शंकासमाधान

हे कायद्यात बसतं का?
इथे बसतं. अमेरिकेतही बसतं, पण लोकांना ते सांगावं लागतं. न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या सार्वजनिक वाचनालयाने २०१५ साली रिले लावला. केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा खात्यातून पोलिसांना ईमेल गेला, पोलीस बोलायला आले, वाचनालयाने रिले थांबवला. मग विश्वस्तांची सभा भरली, गावकरी रिलेच्या बाजूने उभे राहिले आणि रिले पुन्हा सुरू झाला.

यात पैसे मिळतात का?
नाही. मंडळाच्या गणपतीत वाढप्याला निदान जेवणाचं कूपन मिळतं. इथे तेही नाही.

घरच्यांना काय सांगावं?
माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झाले. रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात टपालाची वर्गवारी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर तीन घरांची भानगड समजावायला गेलो, तर दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"म्हणजे बंद थैली. ह्या गाडीतून उतरवायची, त्या गाडीत चढवायची. आत काय आहे विचारायचं नाही, सील तुटू द्यायचं नाही."

"बरोब्बर."

"आयुष्यभर तेच केलं की आम्ही," ते म्हणाले. "पण थैलीत कुणाचं काय निघालं म्हणून आम्हाला वाण्याने साखर नाकारली नाही कधी."

वाढणी

पुढच्या नोंदणीच्या रविवारी सकाळी सात पन्नासला बायकोने फोन हातात घेतला, वायफाय बंद केलं, मोबाइल डेटा लावला. आठ वाजून दोन मिनिटांनी वर्गात जागा मिळाली. तिने वायफाय परत चालू केलं आणि चहा टाकायला गेली. कांद्याचा विषय निघाला नाही. चपलांच्या कपाटावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

ही कृती किती जणांना पुरते, ते सांगता येत नाही. कोण जेवून गेलं हे भाजणाऱ्याला कळू नये, अशीच तिची रचना आहे.