ऊन नको, उजेड हवा

प्रत्येक सोसायटीत एक फर्नवाल्या काकू असतात. मोगरा, जास्वंद, गुलाब कुणीही लावतं. काकूंच्या गॅलरीत टांगलेल्या असतात त्या बोस्टन फर्नच्या कुंड्या, बाहेरच्या बाजूला झुकलेल्या, आणि त्यांचं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांशी जुनं वैर असतं. सकाळी वरून आवाज येतो, "कपडे आत घ्या हो, पाणी घालतेय!" इशारा आणि पाणी साधारण एकदमच पोचतात.

काकूंकडे गेलात तर चहा मिळतो, पण गॅलरीतलं दर्शन आधी. "ऊन नको, उजेड हवा. डबकं नको, ओलावा हवा. फार लाड नकोत, पण दुर्लक्षही चालायचं नाही. जागा बदलली की थोडे दिवस रुसायचं, मग रुळायचं." हे त्यांनी मुलीला बघायला आलेल्या मंडळींनाही ऐकवलं होतं. मंडळींना वाटलं, मुलीच्या स्वभावाविषयी चाललंय. मुलाची आई जाताना म्हणाली, "इतकं स्पष्ट बोलणारे लोक आजकाल मिळतात कुठे?" लग्न ठरलं.

घरात झाडू मारणाऱ्या मावशींचं मत वेगळं आहे. हवा जरा कोरडी झाली की या फर्नची बारीक पानं दिवसभर गळतात. सोफ्याखाली, चपलांत, एकदा तर काकांच्या वरणात. "काकू, हे झाड हाय का पिसं झडणारी कोंबडी?" असं मावशींनी तोंडावर विचारलंय. काकू दुखावल्या नाहीत. "पाणी कमी पडलं गं त्याला," एवढंच म्हणाल्या आणि फवारा आणायला आत गेल्या.

फवाऱ्यातलं पाणीही साधं नसतं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडाला की वापरायचं. पावसाळ्यात गच्चीवर पातेली मांडायची. घरी पाहुणे आहेत आणि भात लावायला मोठं पातेलं सापडत नाही, कारण ते वर पाऊस गोळा करतंय, हे या घरात अनेकदा घडलेलं आहे. एप्रिलात पुण्याची हवा कोरडी ठक्क झाली की कुंड्या बाथरूममध्ये मुक्कामाला जातात. काका आंघोळीला गेले की बाहेरून सूचना, "अहो, गरम नळ लगेच बंद करू नका, वाफ होऊ दे जरा!" काकांची आंघोळ अशी फर्नच्या सोयीने चालते. आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून कुंड्या फिरवायचं कामही त्यांचंच, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळतो. नोकरीत असताना साहेबाने सांगितलेली कामं काका इतक्या मुकाट्याने करत असतील असं वाटत नाही.

काकूंच्या ज्ञानाला मात्र नावं ठेवायची सोय नाही. कोकणातून आणलेल्या साध्या नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके बघून कुणी "कीड लागलीय वाटतं" म्हणालं, की काकांचं पेपर वाचायचं भिंग बाहेर येतं. "कीड अशी शिस्तीत रांगेने बसते का कधी? हे बीजाणू. याला फूल नाही, बी नाही, सगळा संसार या ठिपक्यांवर." कुणी कौतुकाने आपलं अ‍ॅस्परॅगस फर्न दाखवलं, तर "छान आहे, पण ते शतावरीचं भावंड, फर्न नव्हे" असं सांगून त्या यजमानांचा चहा बेचव करतात. लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीआधी स्टेजवरची सजावट बघतात. जरबेऱ्याच्या मागे खोचलेली लांब पानं चाचपून म्हणतात, "आमच्याच भावकीतली." पावसाळ्यात महाबळेश्वरला निघालेली गाडी घाटात निम्म्या वाटेत थांबते, कारण दरडीवर काळ्या देठाचा हंसराज दिसलेला असतो. मग पुढे कुठेतरी पांढऱ्या पाठीचा नेचा सापडतो आणि काकू तो मनगटावर दाबून भुकटीची नक्षी उमटवतात. हात पुढे करून सगळ्यांना दाखवतात. साठी उलटलेल्या बाईचा चेहरा तेव्हा चौथीतल्या मुलीचा असतो.

मुलगी आता खरोखरच बोस्टनला आहे. "1894 साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला पाठवलेल्या फर्नांमध्ये हे एक वेगळं, झुकणारं निघालं," हे काकूंनी जावयाला विमानतळावरच सांगून ठेवलं होतं. तिकडे मुलीने हौसेने एक आणलं, आणि हिवाळ्यात हीटर सुरू झाल्यावर ते झडायला लागलं. व्हिडिओ कॉलवर काका म्हणाले, "मग बाहेर ठेव की, त्याचंच गाव आहे." काकूंनी कपाळाला हात लावला. मूळचं उबदार, दमट मुलखातलं झाड ते, बर्फात एक रात्र काढणार नाही. तेव्हापासून रविवारच्या कॉलवर आधी फर्न कॅमेऱ्यासमोर येतं, मग नात.

तुमचं फर्न मरायला टेकलं असेल तर नर्सरीत पैसे घालू नका. कुंडी उचला आणि तुमच्या सोसायटीतल्या काकूंकडे जा. त्या तुम्हाला रागावतील, मुळं बघतील, माती बदलतील, आणि महिना-दोन महिन्यांत झाड उभं करतील. फक्त ते परत मिळेल अशी आशा धरू नका. "तुमच्याकडे नाही रुळायचं ते आता," असं म्हणून त्या रिकामी कुंडी तेवढी धुऊन देतात.